गोव्यातल्या घरी जुन्या निगेटिव्ह आणि स्लाइड्स स्कॅन करायच्या असतील तर

सुरुवात घरच्या डब्याने झाली. मग नातेवाइकांचे डबे आले, आणि आता वाड्यावर कुणाच्या माळ्यावर निगेटिव्ह सापडल्या की मला फोन येतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: स्कॅनर कोणता घेऊ? तो प्रश्न थोडा बाजूला ठेवा. स्कॅनर चांगला आहे की बरा, यापेक्षा फिल्म त्याच्यापर्यंत कोणत्या अवस्थेत पोचते यावर चित्र अवलंबून असते. आणि गोव्यात ती अवस्था ठरवते हवा.

१. आधी महिना बघा

पाऊस चालू असेल तर डबा उघडून पसारा मांडू नका. फिल्मवरचे चित्र जिलेटिनच्या पातळ थरात असते. जिलेटिन ओल ओढते, फुगते, चिकट होते. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला रान मोकळे, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ८०–९० टक्क्यांत सहज असते. पापड सादळतो त्या हवेत फिल्म कोरडी राहील अशी आशा करू नये.

खरे काम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत करावे. तोवर धडधाकट फिल्म झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह बंद करून ठेवा. सोबत छोटा डिजिटल आर्द्रतामापक टाका. तो स्वस्तात मिळतो आणि अंदाजाने बोलणे बंद करतो. आकडा ३० ते ५० मध्ये असला की झोप घ्यायला हरकत नाही. जेलचा रंग बदलला की पाकिटावर दिलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते.

तीन घरगुती उपाय मात्र टाळा. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, उलट पीठ आणि टोके आणतो. डांबरगोळ्यांची वाफ फिल्मसोबत कोंडू नये. आणि सोलां (कोकमाच्या साली) वाळत घालतो तशी फिल्म उन्हात घालू नये: रंग उडतात, पट्टी वळते, जिलेटिनला तडे जातात.

एसीच्या खोलीत काम करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. थंड खोलीतली फिल्म उघड्यावर बाहेर आणली की तिच्यावर दव धरते. बाहेर काढताना डबा बंदच ठेवा, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

२. हातात काय आहे ते ओळखा

इथे घाई करू नका. अर्धे चुकीचे खर्च या पायरीवर होतात.

*आकार.* सगळ्यांना ठाऊक असते ती ३५ मिलिमीटरची पट्टी, दोन्ही कडांना भोके असलेली. तिच्यातले चित्र ३६ बाय २४ मिलिमीटर असते. पण साठ-सत्तरच्या दशकातल्या आपल्या घरांत बऱ्याचदा निघते ती चौकोनी, भोके नसलेली मोठी निगेटिव्ह. बडोद्यात बनणाऱ्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याने कित्येक घरांत फोटो काढले. त्यात १२० ची फिल्म लागायची आणि सहा बाय सहा सेंटिमीटरची बारा चित्रे यायची. नखाएवढी बारीक निगेटिव्ह निघाली तर ती ११० ची. स्लाइड म्हणजे पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या पाच सेंटिमीटर चौकटीत बसवलेले सरळ रंगाचे चित्र. जुन्या स्टुडिओवाल्यांच्या घरी काचेच्या प्लेटही मिळतात.

ही यादी हातात असल्याशिवाय यंत्र घेऊ नका. ३५ मिलिमीटरसाठी बनलेल्या छोट्या फिल्म स्कॅनरमध्ये क्लिकची निगेटिव्ह शिरतच नाही, आणि हे खोका उघडल्यावर कळलेली माणसे मी पाहिली आहेत.

*प्रकार.* पट्टी नारिंगी दिसली तर रंगीत निगेटिव्ह. राखाडी-काळी, पारदर्शक पाया असलेली, तर कृष्णधवल. हा फरक पुढे धूळ काढताना कामी येतो.

*वास.* डबा उघडताच शिर्क्यासारखा आंबट वास आला तर अॅसिटेट फिल्म कुजू लागली आहे. या रोगातून निघणारे आम्ल रोग आणखी वाढवते आणि शेजारच्या फिल्मलाही लागते. अशा पट्ट्या ताबडतोब वेगळ्या करा. त्या हवाबंद डब्यात कोंडू नका. साध्या कागदी पाकिटात, हवा खेळेल अशा पण कोरड्या जागी ठेवा. स्कॅनच्या रांगेत त्यांचा नंबर पहिला. पट्टी आकसून लाटांसारखी झाली की ती कोणत्याच होल्डरमध्ये सपाट बसत नाही.

*नायट्रेट.* १९५१ पूर्वीची फिल्म असेल आणि काठावर ‘सेफ्टी’ असा शब्द नसेल तर सावध व्हा. जुनी नायट्रेट फिल्म झपाट्याने पेटते. ती पिवळी-तपकिरी, चिकट झाली असेल तर उष्णतेपासून लांब ठेवा आणि घरी काही करू नका. पणजीच्या पुराभिलेख खात्यासारख्या ठिकाणी जाणकाराला विचारा. तुकडा पेटवून बघायचा सल्ला कुठे वाचलात तर तो विसरा.

३. यादी करा, आणि सगळे स्कॅन करायचे नाही हे ठरवा

पाकिटावर स्टुडिओचे नाव, पेन्सिलीने लिहिलेले साल, ‘मोठ्या बायचे लग्न’ असे काही असेल तर पाकिटाचा आधी मोबाइलवर फोटो काढा. पट्टी पाकिटातून वेगळी झाली की तो धागा तुटतो. मग डब्याला, पाकिटाला आणि पट्टीला क्रमांक द्या. मी ‘ड०३-प०७-०४’ असे लिहितो: तिसरा डबा, सातवी पट्टी, चौथे चित्र. क्रमांक पाकिटावर मऊ पेन्सिलीने. फिल्मवर काहीही लिहू नका.

चाळण्यासाठी स्कॅनर लागत नाही. टॅबलेटवर पूर्ण पांढरा स्क्रीन लावा, पट्टी त्याच्यापासून तीन-चार सेंटिमीटर वर धरा म्हणजे स्क्रीनचे ठिपके दिसणार नाहीत, आणि मोबाइलच्या सुलभता सेटिंगमधले रंग उलटे करणारे बटण चालू करून कॅमेऱ्यातून बघा. निगेटिव्ह तिथल्या तिथे सरळ दिसते. घरातल्या वयस्क माणसाला शेजारी बसवा. काळ्या चेहऱ्याच्या भुतांतून एकदम ‘अगो, ही तर आमची आत्या’ असे नाव बाहेर पडते.

सगळे स्कॅन करण्याचा हट्ट नको. एकाच देवळाचे एकाच जागेवरून काढलेले पाच फोटो असतील तर एक पुरे. माणसे, घरे, दुकाने, जत्रेतली गर्दी, नाटकाचा रंगमंच, साळावली धरणाखाली गेलेल्या कुर्डीसारख्या गावांतले अंगण, हे आधी. सूर्यास्त शेवटी. सूर्यास्त अजूनही होतात.

४. साहित्य

– हवा मारायचा रबरी फुगा, आणि फिल्मसाठीचा मऊ ब्रश
– धागे न सुटणारे कापडी किंवा नायट्राइल हातमोजे
– फिल्म पुसायचे खास द्रावण आणि त्याचे पॅड
– मास्क, विशेषतः बुरशी असेल तर
– पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे पारदर्शक कप्पे
– स्कॅनर, किंवा मॅक्रो लेन्सचा कॅमेरा, स्टँड आणि चांगला एलईडी पॅनल
– दोन हार्ड डिस्क
– वही

कॅमेऱ्यासाठी मिळणारे दाबलेल्या हवेचे फवारे आणू नका. तिरके धरले की त्यातून द्रव उडतो. जुने पीव्हीसीचे अल्बम आणि बटर पेपरची पाकिटे यांतून फिल्म बाहेर काढा. आपल्या हवेत बटर पेपर फिल्मला चिकटतो. चिकटलाच असेल तर ओढू नका, ते पाकीट तसेच जाणकाराकडे न्या.

५. सफाई: कमीत कमी

पंखा बंद. त्याने धूळ बसते आणि पुढे कॅमेऱ्याने फोटो काढताना स्टँडही हलतो. फिल्म कडेला धरा, फुग्याने हवा मारा, नंतर ब्रश एकाच दिशेने फिरवा. दहातल्या आठ पट्ट्यांना एवढेच पुरते.

बोटांचे डाग किंवा तेलकटपणा असेल तर फिल्मच्या चकचकीत बाजूवर पॅडवर द्रावण घेऊन हलक्या हाताने एकदाच पुसा. मळकट, मंद दिसणारी बाजू म्हणजे चित्राची. तिला शक्यतो स्पर्श नको. हात धुवायचे सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असते. कृष्णधवल निगेटिव्हच्या कडेला आरशासारखी निळसर-रुपेरी झाक दिसली तर तो मळ नव्हे, चित्रातली चांदीच वर आली आहे, घासू नका.

बुरशी उजेडाकडे धरल्यावर ओळखू येते: एका ठिपक्यापासून फुटलेल्या बारीक फांद्या, कधी चेहऱ्यावरून थेट आभाळात गेलेल्या. अशी फिल्म पाण्यात कधीच धुऊ नये. बुरशीने कुरतडलेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि चित्र बेसिनमधून वाहून जाते. आधी सिलिका जेलबरोबर नीट कोरडी होऊ द्या, मग मास्क लावून बल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) वाऱ्याला पाठ करून ब्रशने झाडा. ब्रश वेगळा ठेवा. उरलेल्या रेषा स्कॅन झाल्यावर संगणकावर काढता येतात; फिल्मवरून काढायचा अट्टहास धरला तर चित्रच निघते.

काचेच्या चौकटीतल्या स्लाइडमध्ये बुरशी दोन काचांच्या आत असते. चौकट उघडायची तर काच कडेने फुटते हे धरून चाला, खाली कापड पसरा आणि चष्मा घाला.

६. स्कॅन: तीन रस्ते

*सपाट स्कॅनर.* झाकणात फिल्मसाठी दिवा असलेला हवा. कागदांचा साधा स्कॅनर चालत नाही. एप्सनचा व्ही६०० या कामाला बरा, कारण ३५ मिलिमीटर, स्लाइड आणि १२० तिन्ही बसतात. खोक्यावरच्या ६४०० डीपीआयवर (इंचामागे टिपलेल्या ठिपक्यांच्या आकड्यावर) जाऊ नका. अशा यंत्रात खरा तपशील दीड-दोन हजारांच्या आसपासच मिळतो. क्लिकच्या सहा बाय सहा निगेटिव्हला तो पुरून उरतो: २४०० ला स्कॅन केली की सुमारे ५३०० बाय ५३०० पिक्सेलची फाइल येते. ३५ मिलिमीटरला मात्र तो तोकडा पडतो.

*फिल्म स्कॅनर.* प्लस्टेकची छोटी यंत्रे फक्त ३५ मिलिमीटर आणि स्लाइड घेतात, पण तपशील सपाट स्कॅनरपेक्षा बराच जास्त देतात. वेग कमी. पट्टी हाताने सरकवायची, आणि संध्याकाळ निघून जाते.

*कॅमेरा.* डिजिटल कॅमेरा आणि एकास एक मॅक्रो लेन्स (जवळची वस्तू मूळ आकारात टिपणारी) घरात असेल तर माझे मत याच रस्त्याला. एलईडी पॅनल ९५ किंवा जास्त सीआरआयचा (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) घ्या, नाहीतर रंग कायम आजारी दिसतात. फिल्म होल्डरमध्ये सपाट धरा, भोवती काळा पुठ्ठा लावून फालतू उजेड झाका, खोलीतले दिवे मालवा. आयएसओ १००, एफ/८, रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल), टायमरवर शटर. कॅमेरा फिल्मला समांतर आहे का हे बघायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा: लेन्सचे प्रतिबिंब बरोबर मध्यावर दिसले की झाले. काचेच्या प्लेटसाठीही हाच रस्ता. प्लेटची चित्राची बाजू वर ठेवा, आणि ती थेट कशावरही टेकू देऊ नका.

यंत्र कुठलेही असो, काही गोष्टी सारख्याच. मूळ फाइल १६ बिटची टिफ (जेपेगसारखा तपशील न गाळणारी), कॅमेऱ्यात रॉ. शार्पनिंग, ‘ऑटो करेक्शन’, ‘ब्यूटी’ वगैरे सगळे बंद. ३५ मिलिमीटरचे चित्र ३२०० डीपीआयला सुमारे ४५०० बाय ३००० पिक्सेल येते आणि रंगीत १६ बिट टिफ साधारण ८० एमबीची होते. हजार चित्रांना ८० जीबी. डिस्क घेताना हा हिशोब धरा. स्कॅनरला यूपीएस लावा, वीज मध्येच गेली की आख्खी पट्टी पुन्हा.

चित्रावर इंद्रधनुषी वलये दिसली तर फिल्म काचेला चिकटली आहे, होल्डर वापरा. आणि मुंजीच्या फोटोत जानवे उजव्या खांद्यावर दिसले, बायकांचा पदरही भलत्या खांद्यावर गेला, तर पट्टी उलटी बसली आहे. काठावरचे आकडे सरळ वाचता येतात का ते आधी बघावे.

धूळ आपोआप काढणारा इन्फ्रारेड पर्याय रंगीत निगेटिव्ह आणि बहुतेक स्लाइडवर जादू करतो, कारण त्यांतले रंग इन्फ्रारेडला पारदर्शक असतात आणि धूळ नसते. कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजते. तिथे तो बंद ठेवा. कोडॅकच्या कोडाक्रोम स्लाइडवरही त्याचा भरवसा नाही.

दुकानात द्यायचे असेल तर आधी पाच-सहा चित्रांची चाचणी करून घ्या. जुन्या प्रिंटिंग यंत्रातून निघालेल्या बारीक जेपेग फाइल्स, कडा कापलेल्या, हेच बऱ्याच ठिकाणी ‘हाय रिझोल्युशन’ म्हणून हातात पडते. पट्ट्या मोजून द्या, यादीवर सही घ्या, पट्ट्या कापू नयेत असे लिहून द्या. लग्नाची एकुलती निगेटिव्ह कुरियरने पाठवू नका. म्हापसा काय, मडगाव काय, कदंब बसने स्वतः जाऊन या.

७. निगेटिव्हचे सरळ चित्र

स्कॅनरचे सॉफ्टवेअर हे करून देते. कॅमेऱ्याच्या रॉ फाइलसाठी डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यातले निगाडॉक्टर मॉड्यूल यासाठीच बनले आहे. चित्राबाहेरचा कोरा नारिंगी भाग त्याला दाखवायचा, म्हणजे तो नारिंगीपणा वजा होतो. म्हणून स्कॅन करताना थोडी रिकामी कड आत येऊ द्या.

गुलाबी पडलेल्या स्लाइडचे दुखणे वेगळे. तिच्यातले निळसर आणि पिवळे रंगद्रव्य उडालेले असते, मॅजेंटा तग धरून असतो. जिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल्स उघडा आणि लाल, हिरवा, निळा हे तिन्ही वेगवेगळे ताणा. चित्रात पांढरे काय असायला हवे ते शोधा: चुन्याची भिंत, धोतर, देवळाची दीपमाळ. तिला पांढरे केले की बाकीचे पुष्कळसे जागेवर येते.

८. दुरुस्ती, आणि कुठे थांबावे

मूळ टिफला हात लावू नका. दुरुस्ती नेहमी प्रतीवर. क्रम असा: फिरवणे, कापणे, रंग-उजेड, मग ओरखडे. डाग बुजवणारे हील साधन घ्या, पूर्ण आकारात चित्र उघडा आणि कोपऱ्यापासून ओळीने पुढे जा. चेहऱ्यावरचा ओरखडा सगळ्यात शेवटी, बारीक ब्रशने.

एका टिचकीत फोटो ‘जिवंत’ करणारी अॅप्स सध्या सगळ्यांच्या मोबाइलवर आहेत. चेहरा धूसर असेल तर ती तो शोधून काढत नाहीत, नवा बनवतात. आजीच्या डोळ्यांत दुसऱ्याच बाईचे डोळे येतात, दात सरळ होतात, आणि ज्यांनी आजीला पाहिलेलेच नाही त्यांना तीच आजी वाटू लागते. कृष्णधवल लुगड्याला अॅपने दिलेला रंगही असाच मनाचा असतो. फ्रेम करून लावायला हवी तर लावा, पण फाइलच्या नावात ‘अॅपने रंगवलेली’ असे लिहून ठेवा. मला विचाराल तर थोडी धूसर खरी आजी बरी.

९. नावे आणि साले

स्कॅन हिवाळ्यात झाले की चवथीपर्यंत वेळ असतो. सगळे घरी जमतात, तेव्हा टीव्हीवर चित्रे लावा, वही घेऊन कोपऱ्यात बसा आणि कोण काय म्हणते ते लिहा. दोघांनी वेगळी नावे सांगितली तर दोन्ही लिहा. ‘डावीकडून तिसरी’ असे लिहा, ‘निळ्या साडीतली’ असे नको.

साल लागत नसेल तर चित्रच साक्ष देते. गाडीच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला जीडी असेल तर ती गोवा, दमण, दीव एकत्र असतानाची नोंदणी. राज्य झाले ३० मे १९८७ ला, जीए त्यानंतरचे. मांडवीवर पूल आहे की फक्त फेरीबोट आहे हे बघा: पहिला पूल १९७० चा, आणि तो ५ जुलै १९८६ ला कोसळला. दुकानाच्या पाट्या नुसत्या पोर्तुगीजमध्ये असतील तर चित्र बहुधा डिसेंबर १९६१ च्या आधीचे, पोर्तुगीज राजवटीतले. खात्री नसेल तिथे ‘अंदाजे १९७५’ असेच लिहा, अंदाज हा शब्द गाळू नका. ही माहिती डिजीकॅमसारख्या सॉफ्टवेअरने फाइलच्या आतही भरता येते, म्हणजे फोल्डर बदलला तरी ती हरवत नाही.

१०. साठवण आणि पुढे देणे

फाइलच्या तीन प्रती: एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा पुण्या-मुंबईच्या भावंडाकडे. डीव्हीडीवर भिस्त ठेवू नका. व्हॉट्सअॅपवर पाठवलात तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर चित्र पार दाबले जाते. वर्षातून एकदा दुसरी डिस्क उघडून चार फाइल्स बघा. पावसाळ्यात डिस्कही सादळतात, त्यांनाही सिलिका जेलचा डबा द्या.

स्कॅन झाले म्हणून मूळ फिल्म टाकू नका. नव्या कप्प्यांत घालून, माळ्यावर किंवा बाहेरच्या भिंतीला लागून नको, मधल्या खोलीतल्या कपाटात ठेवा. शिर्क्याच्या वासाच्या पट्ट्या वेगळ्याच.

गावच्या जत्रेचे, शाळेचे, पोर्तुगीज काळातल्या रस्त्यांचे फोटो असतील तर ते घराबाहेरही कामाचे आहेत. पणजीचे पुराभिलेख खाते किंवा पर्वरीचे झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च यांच्याकडे चौकशी करता येते. देताना मूळ फिल्म देणार की फक्त फाइल, आणि ती कशासाठी वापरता येईल, हे लेखी ठरवून घ्या. फोटोचा हक्क कुणाचा हेही आधी बघा. भारतीय कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे असतो. म्हणजे तुमच्या आजोबांनी स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेला कुटुंबाचा फोटो आजोबांचा, आणि स्टुडिओवाल्याने स्वतःहून टिपलेली जत्रा त्याची. दुसऱ्या प्रकारचा फोटो छापायला देण्याआधी त्या स्टुडिओच्या घरी एकदा जाऊन या. बऱ्याचदा तिथल्या कपाटात आणखी डबे असतात.